घडीचा चाकू : अवजार की शस्त्र?

बोरूने मोडी अक्षर वळवणाऱ्या कारकुनाला दौतीइतकीच एका लहान चाकूची गरज असे. लिहिता लिहिता बोरूचे टोक झिजे आणि ते पुन्हा तासून घ्यावे लागे. लेखणी तासण्याच्या चाकूला फारसीत ‘कलमतराश’ म्हणतात. युरोपात पिसाची लेखणी तासणाऱ्या चाकूला ‘पेननाइफ’ असे नाव पडले. बोरू गेला, पिसाची लेखणीही गेली. नाव मात्र राहिले. पाते मुठीत मिटवून खिशात ठेवता येईल अशा कोणत्याही लहान चाकूला आज हे नाव सर्रास दिले जाते.

अशा पारंपरिक घडीच्या चाकूंचा संग्रह करणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांतील अनेकजण एखादा चाकू रोज खिशातही बाळगतात. फळ कापणे, सुतळी तोडणे, पार्सलाची चिकटपट्टी फाडणे, पेन्सिलीला टोक काढणे ही त्याची नित्याची कामे. मात्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत या वस्तूकडे पाहण्याची समाजाची दृष्टी बदलली. हे अवजार आहे की शस्त्र, हा प्रश्न अनेक देशांतील कायद्यांना पडला. त्याचे उत्तर शोधताना पात्याच्या लांबीबरोबरच पाते कसे उघडते आणि उघडल्यावर कसे स्थिर राहते, याकडेही कायद्याने पाहिले. त्यामुळे या चाकूंचा इतिहास समजून घ्यायचा तर सुरुवात त्यांच्या रचनेपासून करावी लागते.

रचनेचे प्रकार

सर्वांत साधा प्रकार केवळ घर्षणावर चालतो. पाते आणि मूठ एका रिव्हेटने जोडलेली असतात; ना कमान, ना कुलूप. मिटणारे चाकू रोमन काळातही वापरात होते.

दुसरा प्रकार कमानीचा. मुठीच्या पाठीत पोलादाची लवचिक पट्टी बसवलेली असते. तिच्या दाबामुळे पाते उघडले की उघडे आणि मिटले की मिटलेले राहते; जोर दिल्यास मात्र ते पुन्हा मिटते. पाते बाहेर ओढण्यासाठी त्यावर नखापुरती खाच असते. हा चाकू उघडायला बहुधा दोन्ही हात लागतात.

तिसऱ्या प्रकारात उघडलेले पाते कुलपाने अडकते. ते बोटांवर मिटण्याची भीती नसल्याने वापरणाऱ्यासाठी हा चाकू अधिक सुरक्षित. चौथा प्रकार खटक्याचा. खटका दाबताच पाते उघडते, तेही एका हाताने.

शेफील्डचे कारागीर

कमानीच्या चाकूचे सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे इंग्लंडमधील शेफील्ड. चौदाव्या शतकात कवी चॉसरने आपल्या एका पात्राकडे शेफील्डचा चाकू असल्याचे लिहिले, यावरून या गावाच्या लौकिकाची कल्पना यावी. तेथील चाकू कारागिरांच्या संघाला १६२४ मध्ये इंग्लंडच्या संसदेच्या कायद्याने मान्यता मिळाली. १८२२ मध्ये जोसेफ रॉजर्स या कारखान्याने आपले कौशल्य दाखवण्यासाठी १,८२२ पात्यांचा एकच चाकू घडवला आणि पुढे वर्षागणिक त्यात एकेका पात्याची भर घातली जाऊ लागली.

शेफील्डचा खरा आधार मात्र ‘लिटल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे स्वतंत्र कारागीर होते. भाड्याच्या एका खोलीत बसून चाकू जुळवणारे हे लोक पिढ्यानपिढ्या तेथे नांदले. कमान, पाते आणि मुठीचे अस्तर यांची जुळणी कानसीने घासत केवळ नजरेने आणि बोटांनी साधावी लागते. पाते मिटताना येणारा ‘टक्’ असा आवाज ही त्या जुळणीची परीक्षा. या परंपरेतील ख्यातनाम कारागीर स्टॅन शॉ यांचे २०२१ मध्ये निधन झाले. या कामात मुरलेले हात आता शेफील्डमध्ये अगदी थोडे उरले आहेत.

सावॉयचा ओपिनेल

फ्रान्सच्या डोंगराळ सावॉय प्रांतात जोसेफ ओपिनेल या तरुणाने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी एक चाकू तयार केला. लाकडी मूठ, कार्बन पोलादाचे पाते आणि त्यांना जोडणारा रिव्हेट, एवढाच त्याचा संसार. १८९७ मध्ये १ ते १२ क्रमांकांची मालिका निघाली. पुढे १ आणि ११ हे क्रमांक बंद झाले. साडेआठ सेंटिमीटर पात्याचा ८ क्रमांकाचा चाकू सर्वाधिक लोकप्रिय ठरला. १९५५ मध्ये मोठ्या क्रमांकांना फिरते धातूचे कडे बसवण्यात आले. ते फिरवले की पाते अडकते. २ ते ५ हे लहान क्रमांक मात्र आजही कड्याविना येतात. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

मिकीचा हिगोनोकामी

जपानच्या ह्योगो प्रांतातील मिकी हे हत्यारे घडवणाऱ्यांचे गाव. तेथे १८९०च्या दशकात ‘हिगोनोकामी’ हा चाकू जन्माला आला. पत्रा दुमडून केलेली मूठ, एक रिव्हेट आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेले छोटे शेपूट, अशी त्याची रचना. चाकू वापरताना शेपटावर अंगठा दाबून धरायचा. हेच त्याचे कुलूप. एकेकाळी जपानी शाळकरी मुलाच्या खिशात तो हमखास सापडे. पेन्सिलीला टोक काढणे आणि बांबूची खेळणी करणे ही त्याची कामे.

१२ ऑक्टोबर १९६० रोजी तोक्योमधील जाहीर सभेत समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची १७ वर्षांच्या युवकाने हत्या केली. हे दृश्य दूरचित्रवाणीमुळे देशभर पोहोचले. हत्येचे शस्त्र आखूड तलवार होते, खिशातला चाकू नव्हे. तरीही मुलांच्या हाती पाते देऊ नये, अशी मोहीम देशभर उभी राहिली आणि शाळांतून हिगोनोकामी हद्दपार झाला. त्याच सुमारास पेन्सिलीला टोक काढणारी यंत्रेही पसरली. मिकीतील कारखाने एकामागून एक बंद पडले आणि अस्सल हिगोनोकामी या नावाने चाकू घडवणारे नागाओ हे एकच घराणे तेथे उरले. नागानो प्रांतातील एका प्राथमिक शाळेने मात्र १९८०च्या दशकापासून नव्या विद्यार्थ्यांना हा चाकू देण्याची प्रथा ठेवली आहे. पाते जपून कसे वापरावे, हे ते हाती घेतल्याशिवाय शिकता येत नाही, हा त्यामागचा विचार.

रामपुरीची बदनामी

भारतात घडीचा चाकू म्हटला की उत्तर प्रदेशातील रामपूरचे नाव येते. खटक्याचा रामपुरी चाकू हा तेथील कारागिरांचा पिढीजात व्यवसाय. हिंदी चित्रपटाने त्याला कीर्ती दिली आणि बदनामीही. ‘वक्त’ (१९६५) मधील राजकुमार यांचा चाकूचा प्रसंग आजही सांगितला जातो. पुढील वीस वर्षांत पडद्यावरील प्रत्येक गुंडाच्या हाती रामपुरी दिसू लागला. परिणामी ‘रामपुरी’ हा शब्दच धमकीचा पर्याय झाला. पात्याच्या लांबीवरील निर्बंध आणि परवान्यांची अडचण यांमुळे धंदा आटत गेला. २०२३ मध्ये रामपूर शहरातील एका चौकात सुमारे २० फूट लांबीच्या चाकूचे शिल्प उभारण्यात आले. ज्या वस्तूचे कारागीर जेमतेम तग धरून आहेत, तिचे स्मारक आधी उभे राहिले, असे म्हणावे लागते.

कायद्याची रेषा

ब्रिटनमध्ये १९८८च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय पाते बाळगता येत नाही. अपवाद तीन इंचांपर्यंतची धार असलेल्या घडीच्या चाकूचा. न्यायालयाने १९९०च्या दशकात स्पष्ट केले की, पाते अडकणारा चाकू या अपवादात बसत नाही. म्हणजे सहा सेंटिमीटरचा, कडे नसलेला पाच क्रमांकाचा ओपिनेल तेथे खिशात चालतो. आठ क्रमांकाचा चालत नाही. वापरणाऱ्याची बोटे वाचवणारे कुलूपच त्या चाकूला संशयास्पद ठरवते, हा त्यातील विरोधाभास. त्याच नियमाने शेफील्डच्या जुन्या कमानीच्या चाकूला मात्र जीवदान मिळाले.

जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडणारे आणि पाते अडकणारे चाकू उचित कारणाविना बाळगण्यास बंदी आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेन शहराच्या उत्सवात चाकूहल्ला झाला. झोलिंगेन हे जर्मनीतील चाकूंचेच गाव. त्यानंतर सार्वजनिक उत्सव आणि लांब पल्ल्याच्या प्रवासी वाहनांत, काही अपवाद वगळता, चाकू नेण्यास मनाई झाली. जपानमध्ये सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पाते कारणाविना बाळगता येत नाही. कुलूप नसलेल्या घडीच्या चाकूला काही अटींवर आठ सेंटिमीटरपर्यंत सूट आहे. त्याहून लहान पाते लपवून बाळगणेही तेथे किरकोळ गुन्हा ठरू शकतो.

अमेरिकेतील ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यांनंतर विमानाच्या केबिनमध्ये चाकू नेणे बंद झाले आणि विमानतळांवरील दुकाने गमावल्याने स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्सला मोठा फटका बसला. २०१३ मध्ये अमेरिकी यंत्रणेने लहान पात्यांना परवानगी देण्याचे ठरवले. विरोधामुळे काही महिन्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने पाते नसलेले खिशातले अवजार विकसित करीत असल्याचे जाहीर केले. चाकूच्या कारखान्यानेच पाते काढून टाकण्याचा विचार करावा, इथवर हा प्रवास आला आहे.

भारतात शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये केलेल्या नियमांनुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या चाकूला परवाना लागतो. घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक कामाच्या पात्यांना सूट आहे. खिशातला लहान चाकू या मर्यादेच्या बराच आत राहतो. परंतु काही प्रदेशांसाठी वेगळ्या अधिसूचना आहेत. दिल्लीसाठी १९८० मध्ये काढलेली अधिसूचना खटक्याच्या आणि यांत्रिक रीतीने उघडणाऱ्या, ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब व १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद पात्याच्या चाकूंना लागू होते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ अन्वये सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात पोलीस मनाई आदेश काढतात आणि त्यांत चाकूचाही उल्लेख असतो. असा आदेश लागू असताना लहानसा चाकूही घरी ठेवणेच श्रेयस्कर. मेट्रो, मॉल आणि चित्रपटगृह यांच्या दारावरही तो अडवला जातो. विमानप्रवासात तो केबिनमध्ये नेता येत नाही.

संग्राहकाची नजर

जुन्या चाकूचे वय ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे पात्याच्या बुडावरील शिक्का. शेफील्डच्या चाकूंवर राज्यकर्त्याची आद्याक्षरे असत. ‘व्ही आर’ असल्यास चाकू राणी व्हिक्टोरियाच्या काळातील, म्हणजे १८३७ ते १९०१ मधील मानला जातो. १८९०च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे निर्यातीच्या चाकूंवरील ‘इंग्लंड’ ही अक्षरे बहुधा त्यानंतरची. अमेरिकेतील केस कंपनीने १९७० मध्ये शिक्क्याखाली दहा ठिपके दिले आणि दरवर्षी एक कमी केला. सात ठिपके म्हणजे १९७३.

नव्याने संग्रह सुरू करणाऱ्याने पात्याची मूळ लांबी शाबूत आहे का, हे आधी पाहावे. अनेक वर्षे धार लावून पाते झिजते आणि त्याचा घाट बिघडतो. मुठीतील भेगा, सैल झालेला रिव्हेट आणि सुस्त कमान हे पुढचे दोष. जुना चाकू चकचकीत करण्याचा मोह टाळावा. घासल्याने शिक्का पुसट होतो आणि मोलही घटते.

मुठीच्या साहित्याबाबत भारतीय संग्राहकाने विशेष सावध असावे. परदेशी चाकूंच्या मुठींसाठी भारतीय सांबराची शिंगे दीर्घकाळ नावाजलेली होती. १९९०च्या दशकाच्या अखेरीस भारताने त्यांची निर्यात बंद केली. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतो. हाड, लाकूड किंवा पितळेची मूठ निवडणे केव्हाही बरे.

निगा

कार्बन पोलादाला धार लवकर लागते, तसा गंजही. कैरी किंवा लिंबू कापल्यावर पाते काळवंडते; हा डाग दोष नव्हे, मात्र पाते लगेच धुऊन कोरडे करावे. मुंबई आणि कोकणातील पावसाळ्यात सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडावा. चामडी म्यानात चाकू दीर्घकाळ ठेवू नये. चामडे ओलावा धरून ठेवते. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी कालांतराने विघटित होतात आणि त्यांतून निघणाऱ्या आम्लयुक्त वाफांमुळे शेजारच्या पात्यांनाही गंज चढतो. असे चाकू वेगळे ठेवावेत.

दोन्ही हातांनी सावकाश उघडायचा चाकू हल्ल्याच्या उपयोगाचा नाही, हे अनेक कायद्यांनी आपापल्या परीने मान्य केले आहे. रचनेतील हा संथपणाच त्याला आजवर तारत आला. तो घडवणारे हात आणि तो जपून वापरण्याची सवय टिकते की नाही, यावरच हा चाकू खिशात राहणार की केवळ काचेच्या पेटीत, हे ठरेल.