नालंदेच्या दारावर चाळीस मुद्दे

डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवा. राजगृहाच्या टेकड्या मागे टाकून तुम्ही पहाटेपासून चालताय, ज्येष्ठातलं ऊन आता टाळूवर आलंय आणि मगधाची धूळ दातांखाली करकरतेय. समोर विटांची उंच भिंत आहे आणि तिला एकच मोठा दरवाजा. बाहेरच्या आमराईत पिकून पडलेल्या आंब्यांवर माश्या घोंघावताहेत. वास असा, की पोटात कावळे ओरडायला लागलेत. पण आधी रांग.

ही नालंदा, इ.स. 640च्या आगेमागची. साल विसरलात तरी चालेल, इथे ते कोणी विचारणार नाही. दारावरचा पंडित विचारतो ते वेगळंच. तो एक प्रश्न टाकतो, उत्तर शांतपणे ऐकतो आणि त्या उत्तरातूनच दुसरा प्रश्न काढतो. तिसऱ्या प्रश्नाला तुमच्या पुढचा धिप्पाड गडी अडखळतो, खांद्यावरच्या वस्त्राने मान पुसतो आणि आल्या वाटेने परत निघतो. दहांतले सात-आठ असेच परततात. युआन श्वांगनेच हे लिहून ठेवलंय आणि तो या क्षणी भिंतीच्या आत आहे. त्याच्याकडे आपण येऊच. दहावीला संस्कृतात शंभरपैकी शंभर मिळाले होते, हे दारावर सांगू नका. पाठांतराने इथे पहिला प्रश्न सुटतो, दुसरा नाही.

समजा, तुम्ही आत शिरलात. भिक्षू म्हणून नव्हे, विद्येसाठी आलेला ब्रह्मचारी म्हणून. अशा विद्यार्थ्याने आपल्या जेवणाखाण्याचं आपण बघायचं, असा रिवाज आहे. संघाचं काम केलंत तर संघाचं अन्न मिळेल. तेव्हा उद्यापासून पाणी भरा.

आत पाऊल टाकताच कान भरून जातात. चौकाभोवती खोल्या, खोल्यांपुढे ओसऱ्या आणि प्रत्येक ओसरीवर कोणी ना कोणी कोणाशी तरी भांडतंय. निदान तुम्हाला तसं वाटतं. एक म्हातारा भिक्षू मिसरूड न फुटलेल्या पोरासमोर बसलाय आणि पोरगं त्याला ठणकावून विचारतंय, ‘हेतू कुठे आहे?’ म्हातारा चिडत नाही. उलट पुढे सरकून बसतो. रोज शंभरएक आसनांवरून पाठ चालतात आणि तरीही इथल्या लोकांना प्रश्नोत्तरांना दिवस पुरत नाही.

पहाटे घंटा होते. घंटेसरशी शेकडो माणसं अंगपुसणी घेऊन तळ्यांकडे निघतात. आजूबाजूला दहाहून जास्त तळी आहेत. निळ्या कमळांच्या देठांत पाय अडकतात, गार पाणी छातीशी येतं आणि शेजारी दातवण चावणारा सहाध्यायी कालचा मुद्दा तिथेच पुन्हा काढतो. अंग पुसून होईस्तोवर तुम्ही एक वाद हरलेले असता.

वेळ कळते ती पाण्यावरून. मोठ्या भांड्यात तांब्याची वाटी तरंगत सोडलेली असते, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. वाटी भरून बुडाली की ढोल वाजतो, ठरावीक ढोलांनंतर शंख. दुपार ओलांडली की भिक्षूंचं जेवण बंद, म्हणून त्या वाटीकडे सगळ्यांचं लक्ष. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पानं मांडतात. आधी आल्याचा अंगठ्याएवढा तुकडा आणि मीठ, मग भात, वरण, त्यावर कढत तूप. हाताने कालवा आणि जेवा. मधूनच एक वेगळाच सुवास नाकावरून जातो. तो महाशाली तांदूळ. मगधातच पिकतो, दाणा टपोरा. तो राजांना आणि मोठ्या पंडितांनाच. तुमच्या पानात साधा.

आता पाठ. आचार्य ओसरीवर बसलेत आणि काडीने धुळीत रेघा ओढताहेत. दोन उभ्या, दोन आडव्या, भोवती चौकट. नऊ घरं झाली. हे बौद्ध तर्कपंडित दिङ्नागाचं हेतुचक्र. आपल्या म्हणण्याला आपण जे कारण देतो, ते टिकेल की पडेल, हे या नऊ घरांत दिसतं. समोरच्या डोंगरावर विस्तव आहे, कारण धूर दिसतोय. ठीक. मग पहिला प्रश्न: जिथे जिथे विस्तव असतो, तिथे धूर असतो का? स्वयंपाकघरात असतो, तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात नसतो. म्हणजे काही ठिकाणी असतो. दुसरा प्रश्न: जिथे विस्तव नसतोच, तिथे धूर असतो का? तळ्यात? नाही. कुठेच नाही. काडी एका घरात टेकते. हे कारण पास.

कोणीतरी हात वर करून सांगतं, ‘शब्द नित्य आहे, कारण तो जाणता येतो.’ आचार्य काडी दुसऱ्या घरात नेतात. नित्य गोष्टी जाणता येतात, तसा घडाही जाणता येतो आणि घडा तर फुटतो. कारण दोन्हीकडे लागू पडतं, म्हणजे ते काहीच सिद्ध करत नाही. नऊ घरांतली दोनच टिकतात. दोन घरं तर अशी, की तुमचं कारण तुमच्याच विरुद्ध साक्ष देतं. उरलेली पाच अधांतरी. एवढ्याशा धुळीत माणसांच्या निम्म्या वादांचा निकाल लागतो, हे पाहून अंगावर काटा येतो.

तुमची पाळी. तुम्ही तयारी करून आलाय. ‘शब्द अनित्य आहे, कारण तो निर्माण केलेला आहे, घड्यासारखा.’ काडी बरोबर टिकणाऱ्या घरात जाते. तुम्ही सैलावता. तेवढ्यात आचार्य सांगतात: आता मीमांसक होऊन बोल.

म्हणजे तुमच्या विरुद्ध, शब्द नित्य मानणाऱ्या वैदिक पंथाच्या बाजूने. तुम्ही चाचरत म्हणता, मीमांसक म्हणतात शब्द नित्य आहे, कारण वेद नित्य आहेत. ओसरीवर कोणी हसत नाही, पण आचार्य मान हलवतात. असं कोणताही मीमांसक म्हणणार नाही. हे तू त्याच्या तोंडी घातलंस. पुन्हा.

पुन्हा. पुन्हा. उन्हाची तिरीप पायांवर येते, तळवे भाजतात, पाठीवरून घामाची धार उतरते. शेवटी मागे बसलेला एक विद्यार्थी तुमच्या मदतीला येतो. हा मीमांसकाच्या घरात वाढलेला. तो हळूहळू समजावतो. काल मी ‘गाय’ म्हणालो, आज तू ‘गाय’ म्हणालास. माझा आवाज घोगरा, तुझा किनरा. तरी ‘ग’ तोच, हे ऐकणाऱ्याला लगेच ओळखू येतं. ‘ग’ दर वेळी नवा घडला असता तर ओळखलास कसा? उच्चार ‘ग’ला जन्म देत नाही, फक्त प्रकट करतो. दिवा लावल्यावर अंधारातला घडा दिसतो, म्हणून घडा दिव्याने घडवला असं कोणी म्हणतं का?

तुम्ही गप्प. कारण तुमचं ‘निर्माण केलेला आहे’ हे कारण आता हवेत लटकतंय. मीमांसकाला तेच तर मान्य नाही! कारण असं हवं, की ते दोघांनाही कबूल असेल आणि त्या कबुलीतूनच समोरच्याला तुमच्या निष्कर्षाकडे यावं लागेल. तुम्ही सकाळभर जे घोकत होतात, ते तुमच्याच बाजूच्या लोकांना पटवण्यापुरतं होतं.

आचार्य आता तुम्हाला भूर्जपत्र देत नाहीत, ताडपत्र देत नाहीत. आधी त्या मुलासमोर बसायचं आणि त्याचं म्हणणं त्याला म्हणून दाखवायचं. तो ‘हो, हेच’ म्हणाला की मग लेखणी. नैयायिकांच्या न्यायसूत्रांत वाद हरण्याच्या बावीस जागा मोजल्या आहेत, त्यांपैकी एक हीच: सभेला कळलेलं, तीनदा सांगितलेलं प्रतिपक्षाचं म्हणणं ज्याला परत सांगता येत नाही, तो हरला. पुढचं काही ऐकूनच घ्यायचं नाही. म्हणून लिहितानाही पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं, आधी, आणि ते असं, की वाचणाऱ्याला क्षणभर वाटावं, लेखक त्याच बाजूचा आहे. मग उत्तरपक्ष. आपल्या वर्गांत विरुद्ध बाजू शेवटच्या परिच्छेदात दोन ओळींत उरकायला शिकवतात, मला ते फार खटकतं. मुलांना त्यातून वाद येत नाही, घोषणा येते.

एवढ्यात दरवाजाकडे गलका होतो. हातातलं टाका आणि धावा.

दारावर एक पत्रक टांगलंय. चाळीस मुद्दे. शेजारी एक लोकायतवादी, म्हणजे जडवादी, ब्राह्मण छाती काढून उभा. यातला एक जरी मुद्दा कोणी खोडून काढला, तर माझं शिर देईन, अशी त्याची प्रतिज्ञा. घामट गर्दी एकमेकांच्या खांद्यांवरून वाचू पाहतेय, पण पुढे कोणी होत नाही. असे काही दिवस जातात. मग आतून एक सेवक येतो, पत्रक फाडून काढतो आणि पायाखाली तुडवतो. ब्राह्मण खवळून विचारतो, तू कोण? सेवक सांगतो, मी महायानदेवाचा सेवक.

महायानदेव म्हणजे युआन श्वांग. चीनहून आलेला हा भिक्षू आपल्या महाराष्ट्रातूनही फिरून आलाय. तुम्ही कुठले असं कोणी विचारलंच तर बिनधास्त सांगा. तिथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, अशा अर्थाचं त्याने लिहून ठेवलंय.

वाद आत होतो, वृद्ध कुलपती शीलभद्रांच्या साक्षीने. तुम्ही खांबाला पाठ लावून उभे आहात, पुढे डोकीच डोकी. युआन श्वांग एकेक दर्शन घेतो, ते काय म्हणतं ते मांडतो आणि मग कुठे अडतं ते दाखवतो. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांवर तो बराच वेळ थांबतो. ब्राह्मणाचं बोलणं तुटक होत जातं, मग थांबतं. तो उठतो आणि सांगतो, मी हरलो, प्रतिज्ञेप्रमाणे करा. सभा श्वास रोखून बसलीय. युआन श्वांग म्हणतो, आम्ही भिक्षू कोणाचा जीव घेत नाही, तू माझा सेवक म्हणून राहा.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला एवढ्या उन्हातून आणलं नसतं. खरा पाठ यानंतरचा आहे.

युआन श्वांगच्या हातात सध्या एक विरोधी ग्रंथ आहे, महायानाचं खंडन करणारा, सातशे श्लोकांचा. प्रज्ञागुप्त नावाच्या पंडिताचा. त्यातल्या काही जागा त्याला उलगडत नाहीत. इथला सगळ्यांत नावाजलेला वादपटू विरोधकाच्या पुस्तकात अडलाय! तो त्या हरलेल्या ब्राह्मणालाच विचारतो, यावरचं व्याख्यान कधी ऐकलंयस? पाच वेळा, तो सांगतो. मग मला शिकव. ब्राह्मण संकोचतो. मी सेवक, मी तुम्हाला काय शिकवणार? पण आग्रह झाल्यावर तो एकच अट घालतो: मध्यरात्री शिकवीन. तुम्ही दासाकडून शिकलात असं कळलं, तर तुमच्या नावाला बट्टा लागेल.

रात्र. बाकीच्यांना बाहेर पाठवलंय. तुम्ही इतक्या शतकांपलीकडून आलेले, तुम्हाला कोण घालवणार? कोपऱ्यात बसा. दिव्याच्या तेलाचा वास, विटांतून अजून बाहेर पडणारी दिवसाची धग, कानाशी डास. हरलेला माणूस सांगतोय आणि जिंकलेला ऐकतोय. मध्ये तोडत नाही. हा ग्रंथ चुकीचा आहे, हे त्याला आधीच ठाऊक आहे, तरी नेमका कुठे चुकीचा, हे कळण्यासाठी तो आधी कुठे बरोबर वाटतो ते शोधतोय. एका रात्रीत ग्रंथ पहिल्यापासून शेवटपर्यंत समजून होतो.

मग लेखन. सातशे श्लोकांना सोळाशे श्लोकांचं उत्तर. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून ग्रंथाची लांबी मोजायची, ही तेव्हाची पद्धत, तेव्हा मनातल्या मनात गुणाकार करून बघा. शीलभद्र आणि त्यांचे शिष्य ते वाचतात आणि मान्य करतात. यातून कोणाचं नाव मोठं होतं, हे तुम्हाला दारांवर दिसेल. काही दशकांनी इथे येणाऱ्या इत्सिंग या चिनी भिक्षूने लिहिलंय, की वादात नाव कमावणाऱ्यांची नावं उंच दारांवर पांढऱ्या अक्षरांत लिहीत.

ते सोळाशे श्लोक आज उपलब्ध नाहीत. चाळीस मुद्दे काय होते, तेही कोणी नोंदवून ठेवलेलं नाही. मला त्याची चुटपुट लागून राहिलीय, विशेषतः त्या चाळिसांची.

ग्रंथ पुरा झाल्यावर युआन श्वांगने ब्राह्मणाला मोकळं केलं. वाद हरल्याबद्दल तू पुरेसं सोसलंस, आता हवं तिथे जा, असं त्याला सांगितलं. ब्राह्मण पूर्वेला कामरूपात गेला. तिथे राजा भास्करवर्म्याला त्याने या चिनी भिक्षूच्या विद्वत्तेबद्दल सांगितलं, आणि राजाने त्याला भेटीला बोलावण्यासाठी नालंदेला दूत धाडला.