पलटणीतील पूर्वजांच्या राहून गेलेल्या नोंदी

आपल्या समाजाच्या लष्करी परंपरेविषयी दोन शब्द लिहावयाचे म्हटले की लेखणी आपोआप कोरेगावच्या स्तंभाकडे वळते. प्रस्तुत लेखही तेथूनच आरंभ करीत आहे. परंतु त्या स्तंभाचे गौरवगान येथे पुन्हा करावयाचे नाही. ते अनेकांनी केले आहे आणि समर्थपणे केले आहे. शिपायाने केलेल्या कामगिरीची नोंद सरकारदफ्तरी कशी होते, ती कशी राहून जाते, आणि राहून गेलेली नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी आपल्या पूर्वजांनी कोणते कष्ट घेतले, एवढ्याच गोष्टीकडे समाजबांधवांचे लक्ष वेधण्याचा हा नम्र प्रयत्न आहे.

तेहतीस वर्षांनी आलेले पदक

1 जानेवारी 1818 रोजी भीमाकाठी कोरेगाव येथे कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली मुंबईच्या पहिल्या पलटणीची दुसरी तुकडी, सुमारे तीनशे स्वार आणि दोन तोफांवरील 24 गोलंदाज असे मिळून 834 लोक होते. त्यांपैकी पायदळाचा आकडा सुमारे 500. दिवसभर गावात घराघरांतून लढाई झाली. अन्नपाण्यावाचून झुंजणाऱ्या त्या लोकांपैकी 275 ठार, जखमी अगर बेपत्ता झाले. 26 मार्च 1821 रोजी ज्या स्तंभाची पायाभरणी झाली, त्यावर धारातीर्थी पडलेल्या 49 जणांची नावे कोरली आहेत. त्यांतील 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ हा प्रत्यय आहे, आणि त्यावरून ती माणसे आपली होती हे आपण ओळखतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पायदळातील पाचशेच्या पाचशे लोक महार होते असे आपल्या सभांतून पुष्कळदा सांगितले जाते. स्तंभावरील नावांचा आधार तेवढे सांगू देत नाही. त्या नावांत इतर जातींचे व धर्मांचेही लोक आहेत. तसेच पेशव्यांच्या मुख्य सैन्याचा आकडा सामान्यतः 28,000 दिला जातो खरा, परंतु गावावर प्रत्यक्ष चालून आलेले लोक दोन हजारांच्या आसपास होते. 49 पैकी 22 हे प्रमाण आपल्या अभिमानाला पुरेसे आहे. ज्याला आपली राहिलेली नोंद न्यायाने मागावयाची आहे, त्याने दुसऱ्याची नोंद आपल्या नावावर चढवू नये.

मेलेल्यांची नावे दगडावर गेली. जिवंत राहिलेल्यांचे काय झाले? त्यांच्या पलटणीला ग्रेनेडियर हा मानाचा किताब मिळाला. परंतु शिपायाच्या स्वतःच्या छातीवर लावण्यासारखे पदक निघावयास 1851 साल उजाडावे लागले. त्या वर्षी ‘आर्मी ऑफ इंडिया’ नावाचे रुपेरी पदक फिक्या निळ्या फितीसह मंजूर झाले. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाची पट्टी बसविलेली असे. असई, अडगाव, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर आणि कोरेगाव या आपल्या मुलखातील लढायांच्या पट्ट्या त्यांत होत्या. परंतु हे पदक त्या वेळी हयात असलेल्यांनाच मिळावयाचे होते. मृताच्या वारसाचा त्यावर हक्क नव्हता.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. 1818 साली वीस वर्षांचा असलेला शिपाई 1851 साली त्रेपन्न वर्षांचा झाला होता. तोवर तो पलटण सोडून गावच्या महारवाड्यात येऊन बसलेला. वाचता येत नाही, वाचून दाखवणारा कोणी नाही, आणि चावडीवर जाऊन विचारावे तर उंबऱ्याबाहेर उभे राहून. विलायतेत मंजूर झालेल्या पदकाची वार्ता त्याच्यापर्यंत पोचविणार कोण? ज्यांनी रक्त सांडले त्यांपैकी किती जणांनी ती निळी फीत पाहिली असेल, याची कल्पना करवत नाही. पदक मंजूर होणे वेगळे आणि ते शिपायाच्या हाती पडणे वेगळे, हा धडा आपल्या इतिहासाने तेव्हाच दिला होता.

अर्जांची परंपरा

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’ची कल्पना लष्करी अधिकाऱ्यांच्या मनात मूळ धरू लागली आणि 1892-93 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या तीन तीन पिढ्या पलटणीत वाढल्या, त्यांना एका हुकमाने लढण्यास नालायक ठरविण्यात आले. हा केवळ पोटावर पाय नव्हता. पूर्वीच्या सेवेची जी नोंद होती, ती निरर्थक ठरविण्याचा तो प्रकार होता.

या अन्यायाविरुद्ध प्रथम लेखणी उचलली ती पलटणीतून निवृत्त झालेल्या माणसानेच. हवालदार गोपाळ बाबा वलंगकर 1886 साली सेवानिवृत्त झाले होते. ‘विटाळ विध्वंसक’ हे पुस्तक लिहिणाऱ्या या गृहस्थांनी 1894 साली अनार्य दोषपरिहारक मंडळीच्या वतीने लष्करभरतीसंबंधी अर्जाचा मसुदा तयार केला. त्यांच्यामागून पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हे काम हाती घेतले आणि 1910 साली भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे विनंतीअर्ज धाडला. आमच्या वाडवडिलांनी जी सेवा केली ती सरकारच्या स्मरणात राहावी आणि तिच्या बळावर आम्हांस पुन्हा दार उघडावे, हा या सर्व खटपटीचा गाभा होता. अर्जदारांच्या हाती तलवार नव्हती, जमीन नव्हती, विद्याही थोडीच होती. जुन्या नोकरीची नोंद हेच त्यांचे एकमेव भांडवल होते.

भरती बंद राहिल्याने केवढे नुकसान झाले, याचे एकच उदाहरण पुरे. हिंदी शिपायास व्हिक्टोरिया क्रॉस मिळू शकेल असा निर्णय 1911 साली झाला. तोपर्यंत हिंदी शिपायासाठी 1837 सालापासून चालत आलेले ऑर्डर ऑफ मेरिट हेच शौर्याचे मोठे पदक होते. म्हणजे सर्वोच्च पदकाचे दार उघडले, त्या वेळी आपल्या तरुणांना पलटणीचेच दार बंद होते. जे पदक मिळविण्याची संधीच नाकारली गेली त्याची नोंद कोणत्या दफ्तरात शोधावयाची?

पहिल्या महायुद्धात माणसांची टंचाई पडली तेव्हा मात्र सरकारला आपली आठवण झाली. 1917 साली 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपताच ती 71 व्या पंजाबी पलटणीत मिळविण्यात आली आणि 1921 साली तीही मोडण्यात आली. पलटण मोडली की तिचे मेस, तिचे निशाण, तिच्या आठवणी सांगणारे सुभेदार हे सारे विखुरते. ज्या पलटणीला वारस पलटण नाही, तिच्या शिपायांची विचारपूस करणारे कोणी उरत नाही.

याच युद्धात अनेक गरीब लोक मजूर तुकड्यांतून समुद्रापार गेले. अशा मजुरांना युद्धपदक मिळाले ते चांदीचे नव्हे, तर ब्राँझचे. बंदूकधारी शिपायाचे पदक रुपेरी आणि ओझे वाहणाऱ्याचे तांबूस असा तो भेद होता. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे तांबूस पदक सापडल्यास ते नकली समजून मोडीत घालू नये. ते तितकेच खरे आहे. त्याची कड भिंगाखाली पाहावी. तेथे धन्याचे नाव आणि त्याची तुकडी कोरलेली आढळेल.

1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावच्या स्तंभाजवळ आले, तेव्हा एका सुभेदाराचा पुत्र आपल्या वाडवडिलांच्या नोंदीसमोर उभा होता. 1941 साली ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर नेमले गेले, आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबर रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. वलंगकरांनी मांडलेल्या मागणीस 47 वर्षांनी फळ आले.

एका घरातील गोष्ट

आता एक घरगुती हकीकत सांगतो. ती एकट्या आमच्याच घरची असती तर सांगितली नसती.

माझे आजोबा 1942 साली महार रेजिमेंटमध्ये भरती झाले, ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले आणि 1946 साली घरी परतले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात ‘पदके’ या रकान्यात केवळ एक आडवी रेघ होती. याचे कारण समजण्यास अवघड नाही. युद्धातील बहुतेक तारे व पदके 1945 सालच्या उन्हाळ्यात आणि त्यानंतर जाहीर झाली. इंडिया सर्व्हिस मेडल तर 1946 च्या जूनमध्ये निघाले. शिपाई घाईघाईने घरी धाडले जात होते आणि पदकांच्या याद्या मागाहून तयार होत होत्या. ज्याचे पुस्तक आधी लिहिले गेले, त्याच्या पुस्तकात रेघ पडली.

आजोबांनी दोनदा अर्ज केला. दोन्ही वेळा या नावाचा इसम यादीत आढळत नाही असे उत्तर आले. भरतीच्या दिवशी कारकुनाने त्यांचे नाव आणि पुढे ‘नाक’ प्रत्ययासह वडिलांचे नाव लिहून घेतले होते. आडनाव लिहिलेच नव्हते. पुढे मुलांना शाळेत घालताना गावाच्या नावावरून आडनाव लागले आणि ‘नाक’ गळून पडले. ते गळावे अशीच आमची इच्छा होती, कारण त्या दोन अक्षरांनी माणसाची जात दारातच विचारली जात असे. ज्या प्रत्ययामुळे कोरेगावच्या दगडावरील 22 माणसे आपण आज ओळखतो, तोच टाकून दिल्यामुळे माझ्या आजोबांना त्यांच्या स्वतःच्या पलटणीची यादी ओळखेना. यात दोष कोणाचा म्हणावा हे मला आजही सांगता येत नाही.

आजोबा 1971 साली वारले. त्यानंतर वडिलांनी ते काम पुन्हा हाती घेतले. सैनिकांच्या कल्याणाचे काम पाहणाऱ्या जिल्ह्याच्या कचेरीतील एका वृद्ध कारकुनाने त्यांना एकच प्रश्न विचारला : “नाव राहू द्या, नंबर काय?” डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात तो रेजिमेंटल नंबर होता. माणसाचे नाव बदलते, गावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलते, नंबर बदलत नाही. दोन्ही नावांचा इसम एकच, असे प्रतिज्ञापत्र झाले. सरपंचांचा दाखला जोडला गेला. पुष्कळ दिवसांनी उत्तर आले. 1939-45 चा तारा, बर्मा स्टार आणि वॉर मेडल ही तिन्ही त्यांच्या नावे नोंदविण्यात आली होती.

आजी तेव्हा हयात होती. पदके तिच्या हातात दिली तेव्हा तिने ती पदराने पुसली आणि एवढेच म्हणाली, “म्हणजे ते खरंच सांगत होते.” गावात लोक आजोबांच्या ब्रह्मदेशच्या गोष्टींना हसत असत, हे आम्हा नातवंडांना त्या दिवशी प्रथम कळले. कोरेगावच्या शिपायांना पदक तेहतीस वर्षांनी मिळाले, पण ते जिवंत असलेल्यांना. आमच्या आजोबांच्या वाट्याला तेही आले नाही.

कर्तव्य

कोणी म्हणेल की या धातूच्या तुकड्यांनी आता काय साधणार? प्रश्न धातूचा नाही. निवृत्तिवेतन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांना व त्यांच्या विधवांना राज्य शासन दरमहा अनुदान देत आले आहे, आणि त्यासाठी प्रथम मागितले जाते ते डिस्चार्ज बुक. सेवेची नोंद हरवली की म्हातारीच्या चुलीवर त्याचा परिणाम होतो. स्वातंत्र्यानंतरच्या सैनिकांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. 1947-48 ची काश्मीरची मोहीम, 1965 चा समर सेवा तारा, 1971 चे पूर्वी व पश्चिमी तारे यांचे हक्कदार आपल्या वस्त्यांतून आहेत. त्यांच्या पुस्तकांतील रकाने कोणी तपासले आहेत काय?

यास्तव आपल्या मंडळापुढे एक सूचना ठेवतो. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील माजी सैनिकांची एक वही करावी. तीत नंबर, भरतीच्या वेळचे नाव, आजचे नाव, पलटण, भरती व निवृत्तीची साले आणि पुस्तकातील पदकांचा रकाना एवढेच लिहावे. पत्र्याच्या पेटीतील कागद वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवावी. जेथे रेघ आहे तेथे हक्क आहे की नाही हे पाहावे. हक्क असेल तर पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अर्ज करावा, आणि नावाच्या आधी नंबर लिहावा. हक्क नसेल तर ती रेघ तशीच राहू द्यावी. खोटे पदक लावणारा खऱ्या पदकाची किंमत कमी करतो.

वलंगकरांनी आणि कांबळ्यांनी सगळ्या समाजासाठी अर्ज लिहिले. आपल्याला एकेका म्हाताऱ्यासाठी एकेक अर्ज लिहावयाचा आहे. त्यांच्यापाशी साक्षर माणसे मोजकी होती. आज घराघरात पदवीधर आहेत. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अशा दुरुस्त झालेल्या नोंदींची यादी छापता आली, आणि त्यांतील एखादा धनी ती वाचावयास हयात असला, तर या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.