एका संगणकात दोन बिऱ्हाडं



या समूहात आपण वाडे, नाटकं, दांडिया बाजारातली दुकानं, सुरसागरकाठचे गणपती यांच्या आठवणी लिहितो. मी पडलो बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेला माणूस. माझ्याकडे संस्थानी थाटाचं काही नाही. पण आपल्या घरांत संगणक शिरला त्यालाही आता पंचवीस-तीस वर्षं झाली, म्हणजे त्याचाही इतिहास झालाच की. त्यातलं एक छोटं प्रकरण आज लिहितो : एकाच संगणकावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टम बसवण्याचं. विषय कोरडा वाटेल, पण त्यात बडोद्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या १४० पानांचा जीव अडकला होता. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात बँकेपासून करतो. १९८३ साली बँक कर्मचारी संघटनांशी यांत्रिकीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशिनं दिसू लागली. आम्ही त्यांना नुसतं ‘मशिन’च म्हणायचो. पुढे मोठ्या शाखांत युनिक्सवर चालणारा एक मुख्य संगणक आणि त्याला जोडलेली टर्मिनलं आली. काळा पडदा, हिरवी अक्षरं. सकाळी लॉगिन, पासवर्ड, मगच काम. घराघरात विंडोज पोचण्याआधी देशातल्या हजारो बँकवाल्यांनी युनिक्सवर बोटं चालवलेली आहेत, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. आम्हालाही तेव्हा ते ‘युनिक्स’ म्हणजे काय याच्याशी कर्तव्य नव्हतं. दिवसअखेर टोटल जुळली की झालं.

२००१ साली बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. मी पन्नाशीत होतो, अर्ज दिला. आलेल्या पैशातून थोडे बाजूला काढून संगणक घेतला. पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क, वर विंडोज ९८. त्या काळात पीसीक्वेस्टसारख्या मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या. सुरतेचा माझा भाचा इंजिनीयरिंगला होता. तो सुट्टीत आला आणि म्हणाला, “मामा, तुमच्या बँकेत जे होतं ना, त्याचंच भावंड आहे हे. घरी चालवू या.”

आता हे भावंड मुळात आलं कुठून? हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आपल्या ३८६ संगणकावर ते लिहायला घेतलं. त्या संगणकावर तेव्हा मिनिक्स नावाची सिस्टम होती. म्हणजे लिनक्स जन्मली तीच मुळी दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून! एके दिवशी त्याच्या हातून मोडेमऐवजी हार्ड डिस्कलाच फोन लावण्याची आज्ञा गेली आणि मिनिक्सचा भाग खराब झाला. तिथून त्याने लिनक्सवरच राहायचं ठरवलं.

एका डिस्कवर दोन सिस्टम नांदू शकतात याची सोय मात्र त्याहून जुनी. १९८३ मध्ये आयबीएमने हार्ड डिस्कवाला पीसी एक्सटी आणला. त्याबरोबरच्या डॉस २.० मध्ये डिस्कचे चार भाग पाडायची व्यवस्था आली. डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत ही सगळी नोंद असते. ४४६ बाइट सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्रामसाठी, ६४ बाइट चार भागांच्या यादीसाठी आणि शेवटचे २ बाइट खूण म्हणून. मला हे ऐकून आपल्या लेजरचं पहिलं पान आठवलं, कुठलं खातं कुठल्या फोलिओवर ते सांगणारं. ते पान फाटलं तर खाती जागच्या जागी असतात, पण सापडत नाहीत.

किंवा वाड्याचं उदाहरण घ्या. वाडा एक, बिऱ्हाडं दोन, दिंडी दरवाजा एकच. दरवाज्यात उभा राहून “कुणाकडे जायचंय?” असं विचारणारा जो गडी, तो बूट लोडर. तेव्हा त्याचं नाव लिलो होतं, नंतर ग्रब आला.

भाच्याने क्रम समजावला, तो तेव्हा सगळीकडे असाच असे. आधी विंडोजमध्ये डीफ्रॅग चालवून सगळ्या फाइली डिस्कच्या एका टोकाला सरकवायच्या. मग फिप्स नावाच्या छोट्या प्रोग्रामने मागची मोकळी जागा वेगळी काढायची. विंडोज पहिली, लिनक्स दुसरी, हा क्रम उलटा करायचा नाही, कारण विंडोज बसताना दरवाज्यातला गडी हाकलून स्वतःचाच बसवते. जुन्या लिलोला डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं, म्हणजे साधारण ८.४ जीबीपुढचं दिसत नसे. म्हणून विंडोजला ६ जीबी, त्याला लागून लिनक्सचा सुरू होण्याचा छोटा भाग, मग लिनक्स. आणि शेवटी दोघांनाही वाचता-लिहिता येईल असा एक सामाईक भाग, फॅट-३२ पद्धतीचा. हा सामाईक भाग म्हणजे वाड्याचा चौक समजा. पुढे सगळं त्या चौकावरच तरलं.

आणि एक बूट फ्लॉपी करून कपाटात ठेवली. दोन-तीन वर्षांनी विंडोज बिघडली, दुरुस्तीला आलेल्या मुलाने ती नव्याने बसवली आणि लिनक्स ‘गायब’ झाली. तो म्हणाला, “अंकल, वो तो गया.” गेलं नव्हतं, फक्त पहिलं पान बदललं होतं. फ्लॉपी घातली, लिलो परत लिहिला, दहा मिनिटांत दोन्ही बिऱ्हाडं जागेवर.

आता मावशींकडे येतो. आमच्या शेजारच्या, सगळ्या गल्लीच्या मावशी. सयाजीराव महाराजांच्या काळात शिकलेल्या. महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, त्या धोरणाचं फळ म्हणजे या बाई. १९३६ च्या हीरक महोत्सवाची रोषणाई, घरातली मराठी, शेजारची गुजराती, सगळं त्या रंगून सांगत. मी निवृत्त झाल्यावर त्या सांगत आणि मी वहीत उतरवून घेत असे, मग रात्री संगणकावर टाइप करत असे. दोन वर्षांत १४० पानं झाली.

टाइप केलं ते विंडोजमधल्या एका मराठी सॉफ्टवेअरमध्ये. त्याला प्रिंटरच्या पोर्टमध्ये लावायची एक किल्ली असे, ती असेल तरच ते उघडे. विंडोज ९८ ला युनिकोडची देवनागरी येत नव्हती, त्यामुळे तेव्हा सगळ्यांचा कारभार असाच चाले : रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचं चित्र. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल न्या, की ‘मावशी’च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा.

मावशी २००८ साली गेल्या. वह्या त्यांच्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. ३१ जुलै २०१९ चा पाऊस बडोदेकरांना सांगायला नको. विश्वामित्री घरात आली आणि वह्यांचा लगदा झाला. राहिल्या फक्त माझ्या फाइली, आणि त्या उघडणारं सॉफ्टवेअर फक्त माझ्या जुन्या पेंटियम फोरवर, एक्सपीमध्ये. नव्या लॅपटॉपला ती किल्ली लावायचं पोर्टच नाही. एक्सपीचा आधार तर एप्रिल २०१४ मध्येच बंद झालेला, ती इंटरनेटला जोडणं धोक्याचं. मावशींची नात अमेरिकेत. फोनवर म्हणाली, “काका, आजीचं काहीच उरलं नाही का हो?”

त्या पेंटियमवर २००५ सालीच मी दुसरं बिऱ्हाड बसवलं होतं. उबुंटूवाले तेव्हा फुकट सीडी टपालाने घरपोच पाठवत, आठवतं का कुणाला? आता तिथे एक हलकी, नवी लिनक्स बसवली. मग काम असं चाललं. एक्सपी सुरू करायची, जुन्या सॉफ्टवेअरमधून मजकूर साध्या फाइलीत काढायचा, चौकात ठेवायचा. संगणक बंद, पुन्हा चालू, दरवाज्यात लिनक्स निवडायची. तिथे भाच्याने लिहिलेला छोटा प्रोग्राम एकेका खुणेच्या जागी खरं युनिकोड अक्षर घाली.

सोपं नव्हतं. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिलेली, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्यात अक्षरानंतर, नव्यात आधी. आणि आपल्या मराठीचा खास ‘ऱ्य’! ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यात फरक राहिला नाही, तर लग्नाचा स्वयंपाक गुरुजींच्या गळ्यात पडेल. शंका आली की पुन्हा एक्सपीत जाऊन मूळ पान पाहायचं. एकच सिस्टम असती तर हे जमलं नसतं. जुनी एकटी असती तर मजकूर बाहेरच्या जगात आला नसता, नवी एकटी असती तर तो वाचताच आला नसता.

दुरुस्त्या मी इन्स्क्रिप्टने करत असे. हा कळफलक १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ठरवला. त्यात ‘क’ची कळ मराठीला आणि गुजरातीला एकच. मावशींच्या बोलण्यात मधेच गुजराती वाक्यं असत. लिपी बदलायची, बोटं तीच. बडोद्याच्या माणसाला याहून सोयीचं काय हवं?

तीन महिन्यांनी १४० पानं पूर्ण झाली. नातीने ती फोनवर उघडली आणि तिच्या मुलाला वाचून दाखवली.

आपल्या आजोबांचे मोडी कागद ट्रंकेत पडून आहेत, घरात कुणाला वाचता येत नाहीत. २००० सालच्या आपल्या फ्लॉपी-सीड्या त्याच वाटेवर आहेत, फक्त पन्नास वर्षांऐवजी वीसच वर्षांत. गंमत म्हणजे २०१४ पासून मोडीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली आहे.

ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आधी सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स न बसवताच चालवून बघा. विंडोज ८ नंतरच्या संगणकांत ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. बिटलॉकर असेल तर त्याची किल्ली कागदावर उतरवून ठेवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि बरेच चांगले संगणक विंडोज ११ घेत नाहीत. ते भंगारात टाकण्याआधी आत मराठीत काय काय आहे ते बघा. मंडळाचे अहवाल असतील, स्मरणिका असतील, कुणाच्या तरी मावशी असतील.

आपल्याकडे असं काही असेल तर खाली लिहा. फाँटचं नाव आठवत असेल तर तेही. माझा पेंटियम अजून चालू आहे.