सेकंडहँड गाडी घेतली, आता आधी खर्च कशावर करायचा?

एमएच-२५ पासिंगची, आठ-दहा वर्षं जुनी गाडी दारात आली. साठवलेले बरेचसे पैसे तिच्यातच गेले. विकणारा म्हणाला होता, ‘काहीच काम नाही.’ गॅरेजवाला म्हणतो, ‘सगळंच करून घेऊ.’ मग ऐकायचं कुणाचं?

धाराशिव जिल्ह्यात उन्हाळा कडक आणि धूळ भरपूर. शिवाय मोठ्या उपचारांसाठी अनेकांना सोलापूर किंवा लातूर गाठावं लागतं. त्यामुळे दोनच प्रश्न आधी विचारायचे: कशामुळे जीवावर बेतू शकतं? आणि कशामुळे इंजिन जाऊ शकतं? पहिला खर्च तिथेच.

बिल नाही, म्हणजे काम झालं नाही

सर्व्हिस बुक आणि जुनी बिलं मागून घ्या. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल, तर तिथल्या नोंदीही विचारा. ज्या कामाचा पुरावा नाही, ते झालेलंच नाही असं धरून चला.

१. टायर आणि ब्रेक

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षीची खोली १.६ मिमीवर आली की टायर बदलायचाच. नक्षी चांगली असली, तरी बाजूला भेगा किंवा फुगवटा असेल तर तो टायर धोक्याचा. तापलेल्या रस्त्यावर हवा कमी असली, की टायर आणखी तापतो आणि फुटू शकतो.

ब्रेक पॅडसोबत ब्रेक ऑइलही तपासा. ते हवेतला ओलावा शोषतं. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, की असं ऑइल उकळू शकतं आणि पेडल मऊ पडतं. तुळजापूरच्या घाटात हे कळण्यापेक्षा आधीच बदललेलं बरं. साधारण दर दोन वर्षांनी ते बदलतात.

२. इंजिन वाचवणाऱ्या गोष्टी

पुरावा नसेल तर इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर लगेच बदला. ऑइल कोणत्या ग्रेडचं, ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. एअर फिल्टर उघडून पाहा. धुळीच्या रस्त्यावर तो लवकर भरतो.

कूलंटची पातळी आणि रंग पाहा. गंजासारखं पाणी दिसलं तर सिस्टीम साफ करून नवीन कूलंट भरा. बोअरचं पाणी टाकू नका, त्यातल्या क्षारांचा आत थर बसतो. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका.

टायमिंग बेल्टबद्दल नक्की विचारा. जुन्या सँट्रोमध्ये रबरी बेल्ट आहे, तर मारुतीच्या के-सिरीज इंजिनांत चेन. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि दुरुस्तीचा खर्च बेल्टच्या कितीतरी पट होतो. गाडीत बेल्ट असेल आणि तो कधी बदलला हे कळत नसेल, तर वाट पाहू नका.

३. तपासा, मग ठरवा

बॅटरी, क्लच, सस्पेन्शन, स्पार्क प्लग आणि एसी चालू स्थितीत असतील तर फक्त तपासून घ्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, म्हणून जुन्या गाडीच्या रबरी इंधन पाइपला गळती आहे का, तेही पाहा. सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी लागते. त्याचं प्रमाणपत्र मागा.

४. थांबू शकतं

सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, पॉलिश आणि किरकोळ ओरखडे. गाडी यांच्यामुळे बंद पडत नाही.

गॅरेजमध्ये काय बोलाल?

आधी फक्त तपासणी करायला सांगा. खराब पार्ट डोळ्यांनी पाहा, लेखी अंदाज घ्या आणि बदललेला जुना पार्ट परत मागा. यादी मोठी निघाली, तर दुसऱ्या मेकॅनिकलाही दाखवा.

कागदांचं विसरू नका

विमा स्वतःच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, तर आरटीओकडे मालकी बदलाची माहिती खरेदीदाराने ३० दिवसांत द्यायची असते.

आणि पहिल्याच दिवशी वहीत तारीख, किलोमीटर आणि केलेलं काम लिहा. जुना इतिहास हाती नसला, तरी पुढचा तुमच्याकडे असेल.