छपरावरचा पाऊस, छपरावरचे ऊन : प्रश्न साठवणीचा

गोव्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक विहिरींचा तळ दिसू लागतो. पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि ऊन रोज संध्याकाळी संपते. त्यामुळे घरापुरत्या पर्जन्यजल संकलनात आणि सौर संचात खरा प्रश्न उपलब्धतेचा नसून साठवणीचा असतो.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. या हिशेबाने १०० चौरस मीटर छपरावर वर्षभरात ३ लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी २ लाख ४० हजार लिटर उरते. एवढे पाणी साठवणारी टाकी सामान्य घराला परवडत नाही. मात्र चौघांच्या कुटुंबास पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज २० लिटर धरल्यास फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांना २,४०० लिटर पुरतात. तेवढी झाकणबंद टाकी बांधावी आणि पाऊस सरण्यापूर्वी ती काठोकाठ भरून घ्यावी. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे; पिण्यापूर्वी पाणी उकळावे.

उरलेले पाणी पन्हळीतून मोठे दगड, खडी व जाड वाळू यांच्या थरांतून गाळून विहिरीत सोडता येते. गाळण-खड्डा शौचालयाच्या टाकीपासून दूर असावा. जांभा दगड सच्छिद्र असल्याने पाणी लवकर मुरते, तसेच उतारावरील झऱ्यांवाटे लवकर निघूनही जाते. म्हणून केवळ पुनर्भरणावर विसंबून पिण्याची टाकी टाळू नये.

विजेचा हिशेब

एक किलोवॅटच्या संचाला सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे ४ युनिट वीज मिळते. पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारे १५ अंश कललेले असावेत. माडाची सावली एका पॅनेलवर पडली, तरी त्याच ओळीत जोडलेल्या इतर पॅनेलांची निर्मिती घटू शकते. किनाऱ्यालगत सांगाड्याला खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो, हेही ध्यानात घ्यावे.

नेट मीटरिंगमध्ये जादा वीज ग्रिडला जाते व बिलातून वजा होते. परंतु ग्रिडची वीज गेली, की असा संच आपोआप बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ती तरतूद असते. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील, तर बॅटरी व हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट वा अधिक क्षमतेला ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरविण्यात आले.

कुळागरातील सौर पंप

शेतीच्या सौर पंपाला बॅटरीची गरज नसते. दिवसा पाणी उंचावरील टाकीत चढवायचे आणि हवे तेव्हा उताराने सोडायचे. येथे टाकी हीच साठवण. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम कुसुम योजनेत अशा पंपांसाठी साहाय्याची तरतूद करण्यात आली. मात्र ऊन फुकट असल्याने पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो आणि विहीर लवकर आटते. म्हणून पंपाची क्षमता विहिरीत रोज किती पाणी पाझरते ते उन्हाळ्यात मोजूनच ठरवावी.