परदेशातील उच्च शिक्षण आणि शिष्यवृत्तीची मुदत : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचा एक अभ्यास (१९१३–१९२३)

प्रस्तावना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या परदेशातील शिक्षणाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बरेचसे लेखन पदव्यांच्या नामावलीभोवती फिरते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर हा क्रम वाचताना एक अखंड, चढत्या श्रेणीचा प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो. प्रत्यक्षात हा प्रवास अखंड नव्हता. जुलै १९१३ ते एप्रिल १९२३ या सुमारे दहा वर्षांपैकी जवळजवळ तीन वर्षे त्यांना केवळ द्रव्याअभावी मायदेशी काढावी लागली. हा खंड का पडला, त्या काळात काय घडले आणि त्या अनुभवातून पुढे काय निष्पन्न झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बडोद्याची शिष्यवृत्ती आणि न्यूयॉर्क

मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळविल्यानंतर आंबेडकर बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झाले. तोच फेब्रुवारी १९१३ मध्ये त्यांचे वडील रामजी सकपाळ यांचे निधन झाले. त्याच वर्षी महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली. तिची मुदत तीन वर्षांची होती आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार त्यासाठी करावा लागला. सयाजीरावांच्या औदार्याचा गौरव इतिहासाने केला आहे व तो यथार्थच आहे. मात्र ही शिष्यवृत्ती दान नव्हती, तो एक करार होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मुदत आणि सेवेची अट या दोन बाबींनी पुढील घटनाक्रम ठरविला.

जुलै १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे सेलिग्मन, जॉन ड्युई, जेम्स हार्वे रॉबिन्सन, गोल्डनवायझर यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय असला तरी इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान व राज्यशास्त्र या विषयांचेही अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केले. १९१५ मध्ये त्यांनी एम.ए. पदवी मिळविली. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवरील निबंध वाचला. वसतिगृहात भेटलेले नवल भथेना हे त्यांचे आयुष्यभराचे स्नेही झाले. मिळणाऱ्या पैशातून घरी रक्कम पाठवायची आणि उरलेल्यातून पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घ्यायची, असा त्यांचा क्रम असल्याचे चरित्रकार नमूद करतात.

खंडित शिक्षण : १९१७ ते १९२०

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्येही त्यांनी नाव नोंदविले. परंतु वाढवून मिळालेली शिष्यवृत्तीची मुदत १९१७ मध्ये संपली आणि प्रबंध अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुन्हा सुरू करण्याची सवलत विद्यापीठाने त्यांना दिली होती. त्या वेळी पहिले महायुद्ध सुरू होते. ज्या जहाजाने त्यांचे सामान व पुस्तके स्वतंत्रपणे पाठविण्यात आली होती, ते पाणतीराच्या हल्ल्यात बुडाले. काटकसरीने जमविलेल्या ग्रंथसंग्रहाचा मोठा भाग अशा रीतीने नष्ट झाला.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईस पोहोचले व करारानुसार बडोद्यास गेले. तेथील अनुभव त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. बडोद्याच्या स्थानकावर उतरताच, राहायचे कोठे, या प्रश्नाने ती जागी झाली. पारशी नाव धारण करून एका पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला. खरी ओळख उघड झाल्यावर काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. संस्थानचा उच्च अधिकारी असलेल्या या पदवीधरास शहरात कोणी जागा दिली नाही. काही तास सार्वजनिक बागेत बसून त्यांनी मुंबईची गाडी पकडली. शिष्यवृत्तीने विद्यार्थ्याला न्यूयॉर्कपर्यंत नेले. परंतु ज्या सेवेसाठी त्याला शिकविले, ती सेवा करू देण्याची समाजाची तयारी नव्हती. करारातील सेवेची अट मोडली ती विद्यार्थ्याच्या अनिच्छेमुळे नव्हे, तर जातिव्यवस्थेमुळे.

लंडनचे दुसरे पर्व

नोव्हेंबर १९१८ मध्ये त्यांना मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले. वेतन दरमहा ४५० रुपये होते. मार्च १९२० पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. या वेतनातील बचत, राजर्षी शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि भथेनांकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज या तिन्हींच्या बळावर जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची सवलत संपण्यास तेव्हा सव्वा वर्षाहूनही थोडा कमी अवधी उरला होता.

लंडनमधील हे दिवस पराकोटीच्या काटकसरीचे होते. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचन, अपुरे जेवण आणि रात्री उशिरा एखाद्या परिचिताने दिलेले पापड भाजून भूक भागविणे, अशा नोंदी चरित्रांत आढळतात. १९२१ मध्ये त्यांना एम.एस्सी. पदवी मिळाली व १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. रुपयाच्या प्रश्नावरील डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला, तोवर पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते भारतात परतले आणि सुधारलेला प्रबंध येथूनच पाठविला. त्याच वर्षाच्या अखेरीस पदवी मंजूर झाली. कोलंबियाच्या पीएच.डी.साठी प्रबंधाच्या मुद्रित प्रती सादर करणे आवश्यक होते. तो ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि १९२७ मध्ये पदवी रीतसर प्रदान करण्यात आली. विद्यापीठ सोडल्यानंतर तब्बल अकरा वर्षांनी ती हाती आली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. बुद्धिमत्ता व परिश्रम यांत कोठेही उणीव नसताना केवळ मुदत व द्रव्य यांमुळे शिक्षण खंडित होऊ शकते. तो खंड भरून निघाला, तो स्नेही, आश्रयदाते आणि स्वतःची कमाई यांच्या आधारे. हे योग प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. म्हणूनच १९४२ मध्ये व्हाइसरॉयना सादर केलेल्या निवेदनात डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारी तरतुदीची मागणी केली, ती महत्त्वाची ठरते. राजाच्या कृपेवर अवलंबून असलेली गोष्ट राज्यसंस्थेच्या कर्तव्यात रूपांतरित व्हावी, हा त्या मागणीचा आशय होता. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५४-५५ मध्ये, केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती योजना सुरू झाली.

परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यास निरोप देताना आपण महाविद्यालयांत डॉ. आंबेडकरांचे उदाहरण आवर्जून सांगतो. त्यांच्या जिद्दीचा दाखला देऊन आपण थांबलो, तर साऱ्या अडचणींचे ओझे एकट्या विद्यार्थ्याच्या माथी येते. शिष्यवृत्तीची मुदत अभ्यासाच्या स्वरूपाशी सुसंगत आहे काय आणि शिकून परतलेल्यास सन्मानाने काम करता येईल काय, हे प्रश्न त्या उदाहरणातूनच उद्भवतात. त्यांची उत्तरे देण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांची आणि समाजाची आहे.