ज्वारीनं फेडलेलं कर्ज

आज झहिराबादकडची गोष्ट. तेलंगणातला हा कोरडवाहू भाग, आपल्या मराठवाड्यासारखाच भाकरी खाणारा. १९८३ साली तेव्हाच्या आंध्र सरकारनं दोन रुपये किलोनं रेशनचा तांदूळ सुरू केला. पोटाला आधार झाला, हे खरंच. पण ज्वारीची रानं पडीक पडू लागली, बायकांची मजुरीही गेली.

नव्वदच्या दशकात तिथल्या महिला संघमांनी, त्यात बहुतेक दलित बायका, डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या साथीनं केंद्राच्या ग्रामविकास खात्याचा निधी मिळवला. तो वाटून संपवला नाही. पडीक रान असलेल्यांना नांगरट, शेणखत, बियाण्यासाठी उसना दिला. फेड पैशात नाही, ज्वारीत! धान्य गावातच साठवलं. मग स्वस्तात द्यायचं कुणाला? यादी कचेरीतून आली नाही. गावानं बसून ठरवली. ज्या घरी जास्त ओढ, तिथं जास्त ज्वारी. आम्हाला निधीपेक्षा ही यादीच मोलाची वाटते. विक्रीचा पैसाही धान्यनिधीतच राहिला.

पुढं २००८ साली या संघमांनी माचनूरला आपला रेडिओही सुरू केला.

येत्या बैठकीत आपण गावातली पडीक रानं मोजणार आहोत. घरात सातबारा असेल तर घेऊन या.